कूलरवर बाबांच्या नावाची पाटी लावावी का? (नम्रता, गर्व आणि आमच्या घरातला अबोला)

मागचा_बाक | मंगळवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. प्रश्न घरातला आहे, पण घरात सुटत नाहीये म्हणून इथे आणलाय.

बाबा नोव्हेंबरात गेले. सदरजवळच्या आमच्या चर्चमध्ये (नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील) त्यांनी तीसेक वर्षं घंटा वाजवली, बाकं पुसली, पावसाळ्यात गळक्या कोपऱ्याखाली बादली ठेवली. चर्चचे पगारी नव्हते, सरकारी खात्यात क्लार्क होते. उपासनेला नेहमी सगळ्यात मागच्या बाकावर, दाराला लागून. पाळकसाहेबांनी पुढे बोलावलं की म्हणायचे, "इथून बादली जवळ पडते."

त्यांच्या आठवणीत चर्चला मोठा कूलर द्यायचं ठरलं. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) बारा ते तीन उपासना असते, आणि नागपूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. दरवर्षी एखाद्या म्हाताऱ्या माणसाला चक्कर येतेच. इथपर्यंत घरात एकमत. पण आईला त्यावर पितळी पाटी हवी: "कै. अमुक अमुक यांच्या स्मरणार्थ, सप्रेम भेट." दादा म्हणतो मुळीच नको. बायबल, मत्तय, सहावा अध्याय. दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. पाटी लावली की ते दान राहत नाही, जाहिरात होते, गर्व होतो.

आई म्हणाली, "आयुष्यभर मागं बसले. आता तरी नाव पुढं लागू दे." आणि उठून स्वयंपाकघरात गेली. तेव्हापासून घरात कुकरच्या शिट्ट्या सोडल्या तर कुणी मोठ्याने बोललेलं नाही.

तर गर्व नक्की कशाला म्हणायचं? नम्र होणं म्हणजे स्वतःचं (किंवा गेलेल्या माणसाचं) नाव पुसून टाकणं का? जाणकारांनी सांगा. अजाणकारांनीही सांगा, कारण घरात सगळे जाणकारच आहेत.

टिंगूचा_बाबा | मंगळवार, रात्री ९:५२

कूलर नको, पंखा द्या. तिन्ही पात्यांवर नाव. चालू असला की दिसत नाही, बंद असला की दिसतं. आईही खूश, दादाही खूश.

सावजी_रस्सा | मंगळवार, रात्री ९:५८

आमच्या मोहल्ल्यात तर दिवसातून चारदा वाचून राहिले असते लोक. लाईट राहतेच कुठं बाप्पा.

वर्धेकर_काका | मंगळवार, रात्री १०:३०

बेटा, दादाचं वचन बरोबर आहे, पण अर्धं आहे. मत्तय सहाच्या आधी मत्तय पाच येतो. तेच डोंगरावरचं प्रवचन, तोच बोलणारा. तिथे सोळाव्या वचनात प्रभू सांगतो की तुमचा प्रकाश लोकांपुढे असा पडू द्या की तुमची चांगली कामं पाहून त्यांनी स्वर्गातल्या पित्याचा गौरव करावा. पान उलटलं की सांगतो, लोकांनी पाहावं म्हणून धर्माचरण करू नका.

मी संडे स्कूल घ्यायचो तेव्हा एका पोराने विचारलं, "सर, मग दाखवायचं की लपवायचं?" मी म्हटलं पुढच्या रविवारी सांगतो. त्या पोराला आता नातवंडं असतील.

आज विचारलं तर सांगीन की सहाव्या अध्यायाचा जोर "म्हणून" या शब्दावर आहे. लोकांनी पाहिलं, यात पाप नाही. लोकांनी पाहावं *म्हणून* केलं, तिथे घोटाळा. आता तुझ्या आईला पाटी कशासाठी हवी ते तिलाच ठाऊक. दादाला नाही, मलाही नाही.

मृण्मयी_पुणे | बुधवार, सकाळी ८:१५

बाहेरची आहे, चुकलं तर सांगा. नम्रता सगळ्याच धर्मांत चांगली मानतात. महापुरात झाडं जातात, लव्हाळी वाचतात, हे आम्ही दुसरीपासून ऐकतोय. मग ख्रिस्ती शिकवणीत यापेक्षा वेगळं काय आहे?

टिंगूचा_बाबा | बुधवार, सकाळी ८:२०

पुण्याहून नम्रतेविषयी चौकशी आल्याची नोंद घेण्यात आली आहे. :-)

मृण्मयी_पुणे | बुधवार, सकाळी ८:२३

येणार हे माहीत होतं. फक्त पाच मिनिटं लागतील हे माहीत नव्हतं.

अर्धवट_सेमिनेरियन | बुधवार, दुपारी १:०५

मृण्मयी, चांगला प्रश्न आहे. मी तीन वर्षं सेमिनरीत (फादर व्हायच्या शाळेत) काढली, मग बाहेर पडलो, लग्न केलं. तेव्हा अर्धवट माहितीवर सांगतो.

लव्हाळं वाकतं ते वाचण्यासाठी. पूर ओसरला की पुन्हा उभं. त्यात शहाणपण आहे, पण तो हिशोब आहे. बायबलमध्ये पौल या प्रेषिताने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात जे आहे त्यात हिशोब नाही. ख्रिस्त देवाच्या स्वरूपाचा असून त्याने स्वतःला रिकामं केलं, दासाचं रूप घेतलं, आणि मरण पत्करलं, तेही वधस्तंभावरचं. म्हणजे इथे जो वाकला तो वाचला नाही. पुढे देवाने त्याला उंच केलं, पण ते देवाने केलं.

दुसरं, त्या काळच्या ग्रीक बोलण्यात "तपैनोस" हा शब्द कौतुकाचा नव्हता. खालचा, हलका, मिंधा असा त्याचा वास होता. मोठ्या माणसाने मोठेपणा बाळगावा हीच रीत. तोच शब्द येशू स्वतःविषयी वापरतो, मत्तय ११:२९, मराठीत "सौम्य व लीन". त्या काळच्या कानाला ते कसं लागलं असेल विचार करा. लॅटिनमधला "हुमिलिस" हा शब्द तर "हुमुस"पासून आला, म्हणजे माती. जमिनीलगतचा.

आता पाटी. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारा एव्हाग्रियस नावाचा साधू होता. त्याने मनाला सतावणारे आठ विचार मांडले. त्यात लोकांकडून वाहवा मिळावी ही हौस वेगळी धरली आणि गर्व वेगळा. पहिला माणूस लोकांच्या तोंडाकडे बघतो. दुसऱ्याला लोकांची गरजच उरत नाही, देवाचीही नाही. सगळं मीच केलं. सहाव्या शतकात थोरल्या ग्रेगरी पोपने यादी सातावर आणली आणि गर्वाला यादीतून काढून सगळ्यांचं मूळ म्हणून खाली बसवलं. या हिशोबाने पाटी ही फार तर वाहवेची हौस झाली. गर्व त्याहून खोल असतो आणि त्याला पाटी लागत नाही.

एव्हाग्रियसचीच शिकवण पश्चिमेकडे नेणाऱ्या जॉन कासियनने लिहून ठेवलंय की ही हौस कांद्यासारखी आहे. एक पापुद्रा काढला की खाली दुसरा. चांगले कपडे घालून मिरवलं नाही तर फाटके घालून मिरवतो. बोलून मिरवलं नाही तर गप्प बसून.

म्हणून दादांना एकच विचारा: पाटी न लावल्याचं ते किती जणांना सांगणार आहेत?

सावजी_रस्सा | बुधवार, दुपारी १:३०

शेवटची ओळ वाचून पाणी आलं डोळ्यात. कांद्याचं का तुमचं, मालूम नाही.

अर्धवट_सेमिनेरियन | बुधवार, दुपारी १:५५

कांद्यावरून आठवलं. पवित्र गुरुवारी आमच्याकडे पाय धुण्याचा विधी असतो. योहान तेरा, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण. मी विद्यार्थी असताना एका गावच्या चर्चमध्ये मदतीला गेलो होतो. माझं काम पितळी घंगाळ धरायचं. बारा जण पुढे खुर्च्यांवर, उजव्या पायातला मोजा काढलेला. फादर गुडघ्यावर, कमरेला टॉवेल, तांब्यातलं कोमट पाणी.

आणि ते पाय! एकूण एक घरून घासून आणलेले. एका काकांच्या टाचेला तर व्हॅसलीन. पाणी थेंब थेंब होऊन घसरत होतं, टिकतच नव्हतं. नंतर कळलं की बारा जणांच्या यादीवरून महिनाभर वाद चालला होता. एका घराने आमचं नाव का नाही म्हणून त्या वर्षीची देणगी थांबवली. नम्रतेच्या विधीत पहिल्या रांगेत बसायला भांडण.

त्या बारांत तेव्हा बाई नव्हती. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रोमच्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन मुलींचेही पाय धुतले, आणि २०१६ मध्ये नियमच बदलला. आमच्या गावात मग यादी आणखी लांबली म्हणतात.

निळी_ओंजळ | बुधवार, रात्री ८:४५

मी ख्रिस्ती नाही. दीक्षाभूमीपासून चालत दहा मिनिटांवर राहते. वरचं सगळं वाचलं, छान लिहिलंय, पण मला एक टोचतंय.

"नम्र व्हा" हे सांगणारा नेहमी खुर्चीवर बसलेला असतो. माझ्या पणजोबांना जन्मभर नम्रच राहायला लावलं. गावात पाटलाच्या वाड्यापुढून जाताना चपला हातात. १४ ऑक्टोबर १९५६ ला ते बैलगाडी आणि पायी करत नागपूरला आले ते वाकायला शिकायला नाही. मान सरळ करायला आले. ज्याच्याकडे काही आहे त्याने स्वतःला रिकामं करावं, ते मला समजतं. ज्याला आधीच रिकामं ठेवलंय त्याने काय करायचं?

मागचा_बाक, राग मानू नका. तुमच्या बाबांना तिथे बसायला कुणी सांगितलं होतं का? की खरंच बादली जवळ पडत होती?

रात्रपाळी | बुधवार, रात्री ११:२०

+१. ड्युटीवरून लिहिते आहे, तुटक असेल.

मी नर्स, ख्रिस्ती घरातली. पहिली नोकरी एका मिशनच्या दवाखान्यात होती, कुठला ते जाऊ दे. सलग अकरा रात्रपाळ्या लागल्या तेव्हा मोठ्या सिस्टरकडे तक्रार घेऊन गेले. त्यांनी मला बसवलं, हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "लेकी, प्रभूने पाय धुतले, तू पाळी मोजतेस?" मी माफी मागून बाहेर आले. *मी* माफी मागितली. बाराव्या रात्री एका पेशंटला चुकीचं सलाईन लावता लावता थांबले. हात थरथरत होते.

नम्रतेने त्या दिवशी कुणाचं भलं झालं असतं? त्यानंतर मी ठरवलं की माझ्या दमण्याविषयी खरं बोलणं हा गर्व नाही. पण चर्चमध्ये अजून कुणी "मी लीन दासी" म्हणून साक्ष द्यायला उभं राहिलं की मला त्या ऑफिसातल्या फिनाईलचा वास येतो.

अर्धवट_सेमिनेरियन | गुरुवार, सकाळी ९:१०

निळी_ओंजळ आणि रात्रपाळी, दोघींचं म्हणणं बाहेरून आलेला आक्षेप नाही. चर्चच्या आतही ते बोललं गेलंय. व्हॅलरी सेव्हिंग या अमेरिकन विदुषीने १९६० मध्ये एका लेखात मांडलं की गर्व हे माणसाचं मूळ पाप, असं जे धर्मपंडित सांगतात ते सगळे पुरुष आहेत आणि ते स्वतःच्या अनुभवावरून बोलताहेत. बाईचा मोह बहुतेक वेळा उलटा असतो: स्वतःला इतकं वाटून टाकायचं की "मी" उरतच नाही. तिला आणखी वाकायला सांगणं म्हणजे तापाच्या पेशंटला घोंगडी पांघरणं. (घोंगडी माझी, लेख तिचा.)

आणि तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसने नम्रतेच्या जोडीला मनाचा मोठेपणाही सद्गुणच मानला. नम्रता माणसाला त्याच्या ऐपतीबाहेर उडी मारण्यापासून आवरते, तर मनाचा मोठेपणा त्याला मोठ्या कामापासून पळू देत नाही. जे आपल्याला जमतं ते "मी कसला, मला कुठे जमतंय" म्हणून टाळणं हाही त्याच्या लेखी दोषच.

वर्धेकर_काका | गुरुवार, सकाळी १०:४०

येशूच्या आईचं, मरियेचं स्तोत्रही विसरू नका. लूक, पहिला अध्याय. ती स्वतःला दासी म्हणते ते सगळ्यांना पाठ असतं. पुढे ती म्हणते की त्याने अधिपतींना राजासनावरून ओढून काढलं आणि दीनांना उंच केलं, भुकेल्यांना भरलं आणि धनवानांना रिकाम्या हाती लावून दिलं. हे म्हणताना आमच्या गायनमंडळाचा आवाज नेमका बारीक होतो. पहिल्या बाकावर कंत्राटदार बसतात.

थोडी गंमतही सांगतो. बायबलच्या गणना या पुस्तकात (१२:३) लिहिलंय की मोशे पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांपेक्षा नम्र होता. आणि परंपरा म्हणते की ते पुस्तक मोशेनेच लिहिलं.

टिंगूचा_बाबा | गुरुवार, सकाळी १०:४४

म्हणजे पाटी मोशेनेही लावली होती. प्रश्न मिटला.

जुना_हिस्लॉपियन | गुरुवार, दुपारी ४:००

पाट्यांचा विषय आहे म्हणून आमच्या हिस्लॉप कॉलेजची पाटी. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला. शाळा काढली, गोंडांच्या बोली लिहून घेतल्या, आणि नागपूरच्या आसपासचे दगड आणि जीवाश्म इतके गोळा केले की एका खनिजाला हिस्लोपाइट नाव पडलं. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून रात्री घोड्यावरून परतताना फुगलेल्या ओढ्यात बुडाला. कॉलेज निघालं १८८३ मध्ये, तो गेल्यावर वीस वर्षांनी. नाव त्याने लावलं नाही, मागच्यांनी लावलं.

मुद्दा असा की गेलेल्या माणसाला गर्व कसा होणार? पाटी लागली तर ती आईची, बाबांची नाही.

सावजी_रस्सा | गुरुवार, दुपारी ४:०६

खनिज भेटलं, कॉलेज भेटलं, अन् यांच्या बाबाला कूलरवरची सहा इंची पाटी भारी होऊन राहिली?

दादासारखाच_एक | गुरुवार, सायंकाळी ६:३०

मी दादाच्या बाजूने. सगळे त्याला कांदा सोलायला लावताहेत म्हणून लिहितो.

आमच्या चर्चमध्ये सुरुवात एका पाटीने झाली होती. आज बाकावर पाटी, खिडकीवर पाटी, दानपेटीवर पाटी, पुलपिटच्या पायरीवर पाटी. बाहेर हात धुवायच्या नळावर "सौजन्य" आहे. गेल्या वर्षी एका विधवा बाईंनी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणून दिल्या तर त्या कुठे ठेवू म्हणून लाजत होत्या, कारण त्यांच्याकडे पाटीचे पैसे नव्हते. दानपेटीसमोर बसून येशूने एका गरीब विधवेच्या दोन टोल्या (अगदी हलकी नाणी) पाहिल्या, मार्क बारा. तिची पाटी कुठे आहे? पाटी लावणाऱ्याच्या मनात काय होतं ते देव जाणे. पण पाटी न लावू शकणाऱ्याच्या मनात काय होतं ते मी पाहिलंय.

वर्धेकर_काका | गुरुवार, सायंकाळी ७:००

हे मात्र मानलं. "कशासाठी" एवढंच मी बघत होतो. "कुणासमोर" हेही बघायला हवं होतं.

मागचा_बाक | शुक्रवार, रात्री १२:१५

दोन दिवस लिहिलं नाही कारण निळी_ओंजळ यांचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता. आज आईला विचारलं. तिने भांडी विसळता विसळता सांगितलं, माझ्याकडे न बघता.

बाबा बुलढाण्याकडच्या खेड्यातून नोकरीला नागपुरात आले. पहिल्याच रविवारी ते दोघं दुसऱ्या बाकावर बसले. एक गृहस्थ आले, चांगल्या कपड्यातले, म्हणाले, "ही आमची जागा आहे." रागाने नाही, हसत म्हणाले. बाबा उठले. आई म्हणते, उठताना त्यांनी रुमालाने बाक पुसलं, जणू काही आपण मळवलं असावं. मग मागे जाऊन बसले. ते गृहस्थ पुढे वारले, त्यांची मुलं परदेशात गेली, तो बाक वर्षानुवर्षं रिकामा असायचा. पाळक बदलले, तीन-चार जणांनी बोलावलं. बाबा गेले नाहीत. "बादली जवळ पडते."

मी आईला म्हटलं, मग ते नम्र होते की रुसले होते? ती म्हणाली, "तीस वर्षं कुणी रुसतं का?" आणि थोड्या वेळाने, "तुझे वडील रुसायचे बाई."

आता मला कळत नाही. मी आयुष्यभर ज्याला नम्रता समजत होते तो ताठा होता का?

निळी_ओंजळ | शुक्रवार, सकाळी ७:०५

असेल. तरी तो त्यांच्या हक्काचा ताठा होता. तुम्ही उठवलंत ना, आता तुम्ही कितीही बोलवा.

रुमालाने बाक पुसला, तिथे मी थांबले. चहा गार झाला.

वर्धेकर_काका | शुक्रवार, सकाळी ९:३०

याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय काढ, बेटा. सोन्याची अंगठी घातलेला माणूस सभेत आला की त्याला म्हणता इथे चांगल्या जागी बसा, आणि गरिबाला म्हणता तिकडे उभा राहा. असं केलंत तर तुम्ही दुष्ट विचारांचे न्यायाधीश झालात. ते पत्र पहिल्या शतकातल्या मंडळीला लिहिलंय. आमच्याच नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० ला सहा चर्चसंस्था एक झाल्या, उत्तर भारताची मंडळी झाली. मोठी गोष्ट होती. बाकं मात्र ज्याची त्याची राहिली.

लूक चौदामध्ये प्रभू सांगतो की मेजवानीला गेलात तर शेवटच्या जागी बसा, म्हणजे यजमान येऊन "मित्रा, वर येऊन बस" म्हणेल. तुझे बाबा शेवटच्या जागी बसले. यजमानाने बोलावलं तर गेले नाहीत. हे त्या गोष्टीत नाही. यावर प्रवचन ऐकलेलं मला आठवत नाही.

अर्धवट_सेमिनेरियन | शुक्रवार, सकाळी ११:००

लूथर या धर्मसुधारकाने मरियेच्या त्याच स्तोत्रावर १५२१ मध्ये लिहिताना म्हटलंय की खऱ्या नम्राला आपण नम्र आहोत हे कधी कळत नाही. मग बाहेरच्याला कसं कळणार? बाबांनी बादली ठेवली ना, तीस पावसाळे? रुसलेला माणूस बादली ठेवत नाही. किंवा रुसलेलाही ठेवतो. दोन्ही एकाच माणसात बसू शकतं, असं मला तरी सेमिनरीबाहेर आल्यावरच कळलं.

बाराव्या शतकातल्या क्लेअरव्होच्या बर्नार्डने गर्वाच्या बारा पायऱ्या मोजल्या. पहिली पायरी चुकून सुद्धा गर्वासारखी दिसत नाही: इकडेतिकडे बघणं. कोण आलं, कोण कुठे बसलं, कुणी काय घातलं. नववी म्हणजे स्वतःहून पापं सांगत सुटणं, लोकांनी "नाही हो, तुम्ही किती चांगले" म्हणावं म्हणून.

सावजी_रस्सा | शुक्रवार, सकाळी ११:१०

इकडंतिकडं बघणं पहिली पायरी? मंग आमची अख्खी लाईन पायरीवरच बसून राहते रविवारी.

रात्रपाळी | शुक्रवार, दुपारी ३:४५

"स्मरणार्थ" या शब्दावर काही लिहायचं होतं. बेथानीच्या घरात एक बाई येते, महागडं सुगंधी तेल येशूच्या मस्तकावर ओतते. शिष्य कुरकुरतात, विकून गरिबांना दिलं असतं. (तिथेही एक दादा होता म्हणजे.) येशू म्हणतो, तिला त्रास देऊ नका. जगात जिथे जिथे सुवार्ता सांगतील तिथे तिथे हिने जे केलं तेही सांगतील, हिच्या स्मरणार्थ. मार्क १४:९. संपूर्ण शुभवर्तमानात पाटी लावलेलं दान मला हे एकच सापडतं, आणि पाटी स्वतः प्रभूने लावली.

पण मार्क तिचं नाव देत नाही. योहान तिला मरिया म्हणतो (येशूची आई नव्हे, दुसरी), मार्क नुसतं "एक बाई". आठवण आहे, नाव नाही. रात्री तीनला हे वाचलं आणि वॉर्डात फेरी मारून पुन्हा वाचलं.

मृण्मयी_पुणे | शुक्रवार, दुपारी ४:१०

हे मी वाचनालयातून घरी येईपर्यंत घोळवत होते. पुण्यातली असूनही काही बोलायचं सुचत नाहीये.

टिंगूचा_बाबा | शुक्रवार, दुपारी ४:१२

नोंद घेण्यात आली आहे. आदराने.

मागचा_बाक | पुढल्या शनिवारी, संध्याकाळी ५:२०

उशीर झाला, सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगते.

झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी कूलर बसवला. पाटी करून आणली होती, पण दादाने आणि आईने आपापलं म्हणणं सोडलं नाही. शेवटी ती कपाटात राहिली. दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी जाहीर केलं की अमुक कुटुंबाने कूलर दिला, कुटुंबीयांनी कृपया उभं राहावं. आई बसून राहिली. मी बसून राहिले. दादा उभा राहिला. मागे वळून, हात जोडून, सगळीकडे बघून. टाळ्याही पडल्या.

रिक्षात आई काही बोलली नाही. घरी आल्यावर कपाटातून पाटी काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "पाटी नको म्हणणारा उभा बरा राहिला." दादा हसला. खूप दिवसांनी. तो म्हणाला, "मला वाटलं कुणी उभं राहिलं नाही तर बरं दिसणार नाही." मी त्याला कांद्याविषयी सांगितलं. त्याने तुमचा हा धागा उघडून सगळा वाचला, आणि दादासारखाच_एक यांच्या प्रतिसादाचा स्क्रीनशॉट काढून आईला पाठवला, शेजारच्या खोलीत.

दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांचं वाचून आई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, कूलरवर नको. सोमवारी ती आणि मी चर्चमध्ये गेलो. मागच्या बाकाच्या खाली, बादली ठेवायची त्या बाजूला, तिने स्वतः दोन स्क्रू लावले. बसून खाली वाकल्याशिवाय दिसत नाही. झाडू मारणाऱ्या मुलाने पहिल्या दिवशी वाचली म्हणे.

आणि उत्तम शुक्रवारी आम्ही दुसऱ्या बाकावर बसलो. कुणी काही म्हटलं नाही. पण कूलरचा आवाज इतका की येशूच्या वधस्तंभावरच्या सातांपैकी चार वचनांवरचं प्रवचन कुणालाच ऐकू आलं नाही.

सावजी_रस्सा | शनिवार, संध्याकाळी ५:२४

ताट्या कोणत्या लावल्या जी? खस लावा, साधी घास नका लावू. आवाज कमी होते अन् वास बी येते.

वर्धेकर_काका | शनिवार, संध्याकाळी ५:४०

आवाज ताट्यांचा नसतो, पंपाचा असतो. खाली रबराचा तुकडा ठेव, बेटा. आणि टाकीत रोज सकाळी पाणी कोण भरतं?

मागचा_बाक | शनिवार, संध्याकाळी ५:५१

दादा.